शिरूर व दौंड तालुक्यांतील घरखरेदी व घरमालकीविषयक कायदेशीर प्रश्न

शिरूर व दौंड तालुक्यांतील घरखरेदी व घरमालकीविषयक कायदेशीर प्रश्न हे प्रामुख्याने घराखालील जमिनीचा प्रकार, मालकीचा दस्त, महसुली नोंदी, बांधकाम परवानगी आणि वारसांचे हक्क यांच्याशी निगडित आहेत. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील या दोन तालुक्यांत गावठाणातील जुनी घरे, शेतातील वस्त्या, महामार्गालगतचे भूखंड, औद्योगिक वसाहतींभोवतीच्या चाळी व सदनिका असे घरांचे अनेक प्रकार आढळतात. प्रत्येक प्रकारास लागू होणारे कायदे व तपासावी लागणारी कागदपत्रे वेगळी आहेत. भारतात दस्ताची नोंदणी होते, परंतु राज्यसंस्था मालकीची हमी देत नाही. त्यामुळे नोंदणीकृत खरेदीखत व सातबाऱ्यावरील नाव असूनही मालकी वादग्रस्त ठरू शकते.

## पार्श्वभूमी

शिरूर शहर घोड नदीच्या काठी वसलेले असून ते घोडनदी या नावानेही ओळखले जाते. पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर व रांजणगाव ही गावे औद्योगिक वाढीमुळे झपाट्याने विस्तारली. दौंड हे भीमा नदीकाठचे मोठे रेल्वे जंक्शन असून सोलापूर, मनमाड व बारामतीकडे जाणारे लोहमार्ग तेथून फुटतात. तालुक्यातील यवत, केडगाव, पाटस व कुरकुंभ या गावांची वाढ पुणे–सोलापूर महामार्ग, रेल्वे, ऊसशेती व कुरकुंभची औद्योगिक वसाहत यांच्या आधारे झाली. कारखान्यांतील कामगारांना राहण्यासाठी घरे हवी असल्याने शेतजमिनीचे लहान भूखंड पाडून विकण्याची पद्धत दोन्ही तालुक्यांत रूढ झाली.

जमिनीच्या दस्तांवरून होणारे वाद या प्रदेशाला नवे नाहीत. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची सुरुवात तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे झाली. आजच्या दौंड व बारामती तालुक्यांचा भाग त्या काळी भीमथडीत मोडत असे. शिरूर तालुक्यातही हे दंगे पसरले. शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांकडील कर्जरोखे, गहाणखते व हुकूमनामे यांवर होता आणि अनेक ठिकाणी ती कागदपत्रे जाळण्यात आली. त्यानंतर संमत झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने न्यायालयांना दस्तावरील मजकुरापलीकडे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. कर्जापोटी लिहून घेतलेल्या खरेदीखताचा प्रश्न आजही उद्भवतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ नुसार सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली स्थावर मालमत्ता मूळ मालकास परत करण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतात. यासाठी मागील १५ वर्षांपर्यंतचे व्यवहार तपासता येतात.

## मालकी व नोंद यांतील फरक

### दस्त नोंदणी

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार १०० रुपये व त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणाचा दस्त नोंदणे बंधनकारक आहे. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकांसमोर सादर करावा लागतो. दुय्यम निबंधक पक्षकारांची ओळख, दस्तावरील मुद्रांक शुल्क व नोंदणीच्या अटी पाहतात. विकणाऱ्यास खरोखर मालकी होती किंवा नाही, याचा न्यायनिवाडा ते करीत नाहीत. के. गोपी विरुद्ध दुय्यम निबंधक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हेच तत्त्व पुन्हा स्पष्ट केले.

इंग्लंड व वेल्समधील पद्धत याहून भिन्न आहे. तेथे २००२ च्या जमीन नोंदणी कायद्यानुसार दस्ताऐवजी मालकीचीच नोंद होते आणि नोंदवहीतील चुकीमुळे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद आहे. भारतात मालकीची साखळी तपासण्याची जबाबदारी खरेदीदारावरच येते. विकणाऱ्याला जेवढा हक्क असतो तेवढाच खरेदीदारास मिळतो, हा त्यामागील मूळ नियम होय.

### सातबारा व फेरफार

गाव नमुना ७ हे अधिकार अभिलेखाचे पत्रक आहे, तर गाव नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. दोन्ही मिळून सातबारा उतारा तयार होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. तथापि ही नोंद मुख्यतः महसूल वसुलीसाठी असते. सावर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) व जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०२१) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने फेरफार नोंदीमुळे मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, असे म्हटले आहे.

खरेदीखत नोंदल्यावर त्याची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयाकडून महसूल विभागाकडे जाते. तलाठी (२०२४ पासूनचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवहीत नोंद घेऊन हितसंबंधितांना नोटीस देतात. १५ दिवसांत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आल्यास ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन सुनावणी होते. फेरफार प्रलंबित असताना त्याच जमिनीची पुन्हा विक्री झाल्याची प्रकरणे आढळतात. म्हणून केवळ चालू सातबारा पाहणे पुरेसे ठरत नाही, जुने सातबारे व त्यांवर उल्लेखिलेले सर्व फेरफार क्रमाने पाहावे लागतात.

सातबाऱ्यावरील ‘इतर अधिकार’ हा रकाना विशेष महत्त्वाचा असतो. बँक किंवा विकास सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, न्यायालयाचा मनाई आदेश, ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा, संपादनाची नोंद किंवा विहिरीतील हिस्सा यांचा उल्लेख तेथे असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ नुसार सोसायटीच्या कर्जासाठी बोजा चढविलेली जमीन कर्ज फिटण्यापूर्वी नियमबाह्य रीतीने विकल्यास ती विक्री निरर्थक ठरते.

### साठेखत व कुलमुखत्यारपत्र

साठेखत म्हणजे भविष्यात विक्री करण्याचा करार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार अशा कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. खरेदीखत करून देण्यास विक्रेत्याने नकार दिल्यास करारपूर्तीचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या मुदतीत दाखल करावा लागतो. सूरज लॅम्प अँड इंडस्ट्रीज विरुद्ध हरियाणा राज्य (२०११) या निकालानुसार कुलमुखत्यारपत्र, साठेखत व मृत्युपत्र यांचा संच करून मालकी हस्तांतरित होत नाही. नोटरीसमोर केलेल्या विसारपावतीचा किंवा मुद्रांक कागदावरील लेखाचा दर्जाही खरेदीखताचा नसतो.

## घराखालील जमिनीचे प्रकार

### गावठाण

गावठाणातील घराला बहुधा सातबारा नसतो. ज्या गावांत नगर भूमापन झाले आहे तेथे मिळकत पत्रिका मिळते. इतर गावांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टी आकारणीचा उतारा वापरला जातो. हा उतारा कर कोणाकडून घ्यावयाचा हे दाखवितो, तो मालकीचा निर्णायक पुरावा नाही. त्यामुळे गावठाणातील घर घेताना नमुना ८ सोबत जुने खरेदीखत, वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा पाहणे आवश्यक असते.

गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका देण्यासाठी केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. महाराष्ट्रात ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रारंभिक प्रयोग पुणे जिल्ह्यातीलच पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला होता. मोजणीनंतरच्या चौकशीत हरकत नोंदविण्याची संधी असते. एकत्र कुटुंबाच्या घराची पत्रिका एकाच भावाच्या नावे झाल्यास इतर हिस्सेदारांचा हक्क आपोआप संपत नाही, परंतु तो सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर पडतो.

### शेतजमीन व बिनशेती जमीन

महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. खरेदीदार शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून त्याचा किंवा कुटुंबाचा सातबारा पाहिला जातो. नियमाचा भंग झाल्यास कलम ८४-क अन्वये व्यवहार अवैध ठरविण्याची कार्यवाही होऊ शकते.

शेतकऱ्यास आपल्या शेतात शेतीच्या सोयीसाठी शेतघर बांधता येते. महसूल संहितेच्या कलम ४१ मध्ये त्यासाठी क्षेत्र व बांधकामाच्या मर्यादा दिल्या आहेत. निवासी भूखंड पाडणे, भाड्याच्या खोल्या बांधणे किंवा दुकाने काढणे हा अकृषिक वापर असून त्यासाठी जमीन बिनशेती असावी लागते. कलम ४४ अन्वये परवानगी घेण्याची पद्धत रूढ होती. नंतरच्या सुधारणांनी समाविष्ट झालेल्या कलम ४२-ब, ४२-क व ४२-ड नुसार विकास योजना किंवा प्रादेशिक योजनेतील अनुरूप विभागांत, तसेच गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनींना विहित आकार भरून ही सवलत मिळू शकते. भूखंड ‘बिनशेती होणार आहे’ हे विक्रेत्याचे आश्वासन आणि बिनशेती आदेश किंवा सनद यांत मोठा फरक आहे.

### भोगवटादार वर्ग-२

भोगवटादार वर्ग-१ ची जमीन सर्वसाधारणपणे निर्बंधाविना विकता येते. वर्ग-२ च्या जमिनीच्या हस्तांतरणावर अटी असतात. या वर्गात पुढील जमिनी प्रामुख्याने येतात :

* कूळ कायद्याने मिळालेल्या जमिनी : १ एप्रिल १९५७ या कृषक दिनानंतर कुळांना मालक म्हणून मिळालेल्या जमिनींच्या विक्रीवर कलम ४३ चे निर्बंध आहेत. २०१४ च्या सुधारणेनुसार खरेदी प्रमाणपत्रास १० वर्षे झाली असल्यास आकारणीच्या ४० पट नजराणा भरून परवानगीशिवाय विक्री करता येते.
* पुनर्वसनाच्या जमिनी : जिल्ह्याच्या पश्चिम भागातील धरणांमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांना पूर्वेकडील लाभक्षेत्रात जमिनी देण्यात आल्या. चासकमान व भामा आसखेड यांसारख्या प्रकल्पांमुळे हा प्रश्न शिरूर व दौंडमध्ये वारंवार येतो. अशा जमिनीच्या विक्रीस सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. लाभक्षेत्रातील मूळ शेतकऱ्यांच्या जमिनींवरही खरेदी-विक्रीचे निर्बंध व तसे शेरे असू शकतात.
* वतन व इनाम जमिनी : वतने रद्द झाल्यावर पुन्हा प्रदान केलेल्या जमिनींच्या हस्तांतरणास परवानगी व नजराणा यांची अट असते. देवस्थान इनाम जमीन वहिवाटदाराची वैयक्तिक मालमत्ता नसते.
* शासनाने प्रदान केलेल्या व सिलिंगच्या जमिनी : आदेशातील अटींचा भंग झाल्यास जमीन शासनजमा होऊ शकते.

आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर आदिवासी व्यक्तीस हस्तांतरित करण्यावर संहितेच्या कलम ३६ व ३६-अ यांचे स्वतंत्र निर्बंध आहेत.

### गायरान

गायरानावरील घर अनेक वर्षे वापरात असले, त्यास वीजजोडणी व घरपट्टी असली, तरी त्यामुळे जमिनीची मालकी मिळत नाही. जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सामूहिक वापराच्या ग्रामीण जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे निर्देश राज्यांना दिले. काही निवासी अतिक्रमणे नियमित करण्याच्या शासकीय योजना असल्या, तरी त्या अटींच्या अधीन आहेत. अशा जागेच्या ‘विक्री’तून खरेदीदारास फार तर बांधकामाचा ताबा मिळतो.

## गुंठ्याने होणारी खरेदी व तुकडेबंदी

एक किंवा दोन गुंठ्यांचा भूखंड घेऊन घर बांधणे ही अल्प उत्पन्न गटातील खरेदीदारांची सामान्य इच्छा असते. मात्र शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यास १९४७ चा तुकडेबंदी व एकत्रीकरण अधिनियम प्रतिबंध करतो. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने पुणे जिल्ह्यासह बहुतांश जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे असे ठरविण्यात आले. त्याहून लहान तुकडा निर्माण होईल अशी विक्री या कायद्याविरुद्ध ठरते. आधीपासून अस्तित्वात असलेला तुकडा लगतच्या खातेदारास विकण्याची मुभा आहे.

या निर्बंधातून वाट काढण्यासाठी अनेक अनोळखी खरेदीदार एकत्र येऊन १० किंवा २० गुंठ्यांचे एकच खरेदीखत करतात. सातबाऱ्यावर सर्वांची नावे सामाईक लागतात. जागेवर दगड रोवून भूखंड दाखविलेले असले, तरी कायद्याने प्रत्येकाकडे अविभक्त हिस्सा असतो, विशिष्ट भूखंड नसतो. रस्ता कोणाच्या हिश्श्यातून जातो, मोकळी जागा कोणाची, एका हिस्सेदाराने कर्ज काढल्यास काय, हे प्रश्न नंतर उभे राहतात. अशा हिश्श्यावर गृहकर्ज व बांधकाम परवानगी मिळणेही अवघड जाते.

जुने व्यवहार नियमित करण्यासाठी कायद्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. प्रारंभी बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत शुल्क आकारण्याची तरतूद होती, ती २०२४ मध्ये ५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्यात आली. २०२५ मध्ये निवासी व तत्सम अकृषिक वापरासाठी निश्चित झालेल्या क्षेत्रांकरिता आणखी सवलती देण्यात आल्या. तुकडेबंदीपुरता व्यवहार नियमित झाला, तरी विक्रेत्याच्या मालकीतील दोष किंवा अनधिकृत बांधकाम त्यामुळे आपोआप दूर होत नाही. महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ अंतर्गत पात्र भूखंड नियमित करण्याची स्वतंत्र व्यवस्था आहे. तिची मुदत २०२१ च्या सुधारणेने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांसाठी वाढविण्यात आली.

## बांधकाम परवानगी

शिरूर व दौंड शहरांत नगरपरिषद, तर रांजणगाव व कुरकुंभ औद्योगिक क्षेत्रांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ परवानगी देते. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए) स्थापना २०१५ मध्ये झाली असून दोन्ही तालुक्यांतील काही गावे त्याच्या क्षेत्रात येतात. उर्वरित गावांत प्रादेशिक योजना, जिल्हाधिकारी व नगररचना विभाग यांची भूमिका असते. राज्याच्या बहुतांश भागास डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. ग्रामपंचायतीचा ‘ना हरकत दाखला’ हा सक्षम नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीचा पर्याय ठरत नाही.

भीमा, मुळा-मुठा, वेळ व घोड या नद्यांच्या काठी पूररेषा तपासणे आवश्यक असते. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा, तर लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या अंदाजावर आधारलेली असते. नदीपात्र व निळ्या रेषेदरम्यान नवे निवासी बांधकाम प्रतिबंधित आहे. महामार्ग, लोहमार्ग व कालव्यालगत सोडावयाचे अंतरही परवानगीच्या वेळी पाहिले जाते.

## खरेदीची प्रक्रिया

सर्वसाधारणपणे वकिलाकडून ३० वर्षांच्या मालकीचा शोध घेतला जातो. त्यात जुने दस्त, सूची क्रमांक २, सातबारे, फेरफार, मिळकत पत्रिका, न्यायालयीन दावे व बोजे पाहिले जातात. हरकती मागविण्यासाठी वृत्तपत्रात जाहीर नोटीस देण्याचीही पद्धत आहे. नोटिशीला उत्तर न आल्याने इतरांचे हक्क नष्ट होत नाहीत, मात्र खरेदीदाराने योग्य चौकशी केल्याचा तो एक पुरावा ठरतो. दावा प्रलंबित असताना झालेली खरेदी, मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ नुसार, त्या दाव्याच्या निकालाच्या अधीन राहते.

मुद्रांक शुल्क हे दस्तातील किंमत व वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार येणारे मूल्य यांपैकी जास्त असलेल्या रकमेवर आकारले जाते. दर मालमत्ता कोणत्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत आहे यावर अवलंबून असतो. १ एप्रिल २०२१ पासून केवळ महिलांच्या नावे होणाऱ्या निवासी खरेदीस एक टक्क्याची सवलत आहे. नोंदणी शुल्क एक टक्का असून त्याची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे. पती-पत्नी, मुलगा, मुलगी किंवा नातवंडे यांना निवासी वा शेतीची मालमत्ता बक्षीस दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये असते.

५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची शेतजमिनीव्यतिरिक्त मालमत्ता घेताना खरेदीदारास एक टक्का प्राप्तिकर कापून भरावा लागतो. विक्रेत्यास स्थावर मालमत्तेपोटी २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे.

## सदनिका व भूखंड प्रकल्प

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच रेरा कायद्यातील मुख्य तरतुदी १ मे २०१७ पासून लागू झाल्या. ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक जमीन किंवा आठपेक्षा अधिक सदनिका असलेला प्रकल्प महारेराकडे नोंदवावा लागतो. भूखंड पाडून विकण्याचे प्रकल्पही त्यात येतात. कायद्याच्या प्रमुख तरतुदी अशा :

* नोंदणीकृत विक्री करार करण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.
* खरेदीदारांकडून मिळालेल्या रकमेचा ७० टक्के भाग प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो.
* ताब्यास विलंब झाल्यास खरेदीदार व्याजासह परतावा किंवा विलंबाच्या काळाचे व्याज मागू शकतो.
* ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामातील संरचनात्मक दोष प्रवर्तकाने विनामूल्य दुरुस्त करावे लागतात.

भोगवटा प्रमाणपत्र हे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्याचे व राहण्यास योग्य असल्याचे प्रमाण होय. ते नसताना ताबा घेतल्यास पाणीजोडणी, कर्ज व पुनर्विक्रीच्या वेळी अडचणी येतात. विकासकाने जमीन व इमारत सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नावे करून न दिल्यास महाराष्ट्र सदनिका मालकी हक्क अधिनियम, १९६३ च्या कलम ११ नुसार संस्थेस मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. संस्थेतील नामनिर्देशित व्यक्ती नामनिर्देशनामुळे मालक होत नाही, वारसाहक्क वारसा कायद्यानुसार किंवा मृत्युपत्रानुसार ठरतो.

## वारसांचे व बहिणींचे हक्क

खरेदीनंतर उद्भवणाऱ्या वादांत विक्रेत्याच्या बहिणीने किंवा मुलीने केलेला वाटपाचा दावा वारंवार आढळतो. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून व केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांप्रमाणे सहदायाद हक्क दिला. विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा (२०२०) या निकालानुसार २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही, कारण हा हक्क जन्मानेच मिळतो. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर रीतीने झालेली विक्री किंवा वाटप मात्र त्यामुळे रद्द होत नाही.

सातबाऱ्यावर बहिणींची नावे लागलेली नसली, तरी त्यांचा हक्क संपलेला नसतो. बहिणीने हिस्सा सोडल्याचे सांगितले जात असल्यास नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावे लागते. महसूल अधिकाऱ्यापुढील जबाब किंवा तोंडी संमती त्याची जागा घेत नाही. सज्ञान नसलेल्या वारसाच्या स्वतंत्र हिश्श्याची विक्री करण्यासाठी नैसर्गिक पालकासही न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील एका भावाचा हिस्सा परक्या व्यक्तीने घेतल्यास, मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ नुसार, त्या व्यक्तीस कुटुंबासमवेत सामाईक ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा करणे हा तिच्यासमोरील मार्ग असतो.

## घर ताब्यात आल्यानंतरचे प्रश्न

हद्द व मोजणी : हद्दीचा वाद असल्यास उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीसाठी अर्ज करता येतो. मोजणीच्या ‘क’ प्रतीत हद्दी व प्रत्यक्ष ताबा दर्शविला जातो. मोजणीमुळे अतिक्रमण दिसून आले, तरी ताबा परत मिळविण्यासाठी बहुधा दिवाणी दावा करावा लागतो.

रस्ता : शेतातील वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याचा वाद दोन्ही तालुक्यांत नेहमी उद्भवतो. बांधावरून नवा रस्ता मिळण्यासाठी संहितेच्या कलम १४३ नुसार, तर अस्तित्वात असलेला रस्ता अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार तहसीलदारांकडे दाद मागता येते. दुसरा अर्ज अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार २० वर्षांच्या अखंड वापराने वहिवाटीचा हक्क निर्माण होऊ शकतो.

भाडेकरू : रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी व कुरकुंभ परिसरात कामगारांना खोल्या भाड्याने देणे हे अनेक कुटुंबांच्या उत्पन्नाचे साधन आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. करार नोंदलेला नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. घरमालकाने पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूस बाहेर काढणे बेकायदेशीर आहे.

बेकायदा ताबा : खासगी मालमत्तेवर मालकाच्या विरोधात १२ वर्षे उघड व अखंड ताबा राहिल्यास प्रतिकूल ताब्याचा बचाव घेतला जाऊ शकतो. शासकीय जमिनीबाबत ही मुदत ३० वर्षे आहे. कायदेशीर प्रक्रियेशिवाय ताबा काढून घेतला गेल्यास सहा महिन्यांच्या आत विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार दावा करता येतो. भाडेकरूचा किंवा संमतीने राहणाऱ्या नातेवाइकाचा ताबा सामान्यतः प्रतिकूल मानला जात नाही.

## दाद मागण्याची ठिकाणे

| प्रश्न | कार्यालय किंवा न्यायालय |
|---|---|
| फेरफारावरील हरकत | मंडळ अधिकारी |
| फेरफाराविरुद्ध अपील | उपविभागीय अधिकारी |
| शेतरस्ता | तहसीलदार |
| मोजणी, मिळकत पत्रिका | उप अधीक्षक, भूमी अभिलेख |
| मालकी, वाटप, खरेदीखत रद्द करणे | दिवाणी न्यायालय |
| नोंदणीयोग्य गृहप्रकल्पातील तक्रार | महारेरा |
| मानीव अभिहस्तांतरण | जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था |
| सावकारीतून गेलेली मालमत्ता | जिल्हा निबंधक, सहकारी संस्था |

महसूल अधिकारी नोंदी करतात व दुरुस्त करतात, तर मालकीचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालय देते. फेरफाराचे अपील जिंकूनही दिवाणी दावा गमावल्यास नोंद पुन्हा बदलावी लागते. केवळ महसुली अपिलांवर विसंबून राहिल्यास दिवाणी दाव्याची मुदत निघून जाण्याचा धोका असतो.

आर्थिक दुर्बल व्यक्ती, महिला, तसेच अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार मोफत विधी साहाय्य मिळू शकते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. वाटप, हद्द व रस्ता यांसारखे वाद लोकन्यायालयात तडजोडीने मिटविता येतात. लोकन्यायालयाच्या निवाड्यास दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा असून त्यावर अपील करता येत नाही.